ढीग क्रमांक तीनचा खुराक

ढीग क्रमांक तीन नापास झाला.

असं काही झालेलं नाही. या घराण्यात आजवर कोणी नापास झालेलं नाही. धाकटे दहावीला दोनदा बसले ते अनुभवासाठी. थोरल्यांचं पहिलं लग्न ठरून मोडलं ते दोन्हीकडच्या तारखा जमल्या नाहीत म्हणून. वडिलांनी जुनं इंजिन ऑइल गाळून परत विकायचा कारखाना काढला, तो सत्तेचाळीस वर्षं चालला, आणि त्यातलं बरंचसं तेल डब्यांत जाण्याऐवजी जमिनीत गेलं, तर ती गळती नव्हती. मोठी दृष्टी ठेवून केलेली साठवण होती. तेव्हा एखादा मातीचा ढीग उठून नापास होतो, हे या घरात बसण्यासारखं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी दहाला मातीवाले इंजिनिअर लॅबचं पाकीट घेऊन कारखान्याच्या ऑफिसात आले. त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. फक्त पाकीट उघडायची परवानगी मिळेना.

“आधी चहा घ्या,” थोरले म्हणाले.

“घेतला, सर.”

“मग दुसरा घ्या.”

खिडकीबाहेर तीन ढीग होते. प्रत्येक ढीग ट्रकएवढा उंच, तीन ट्रकांएवढा लांब आणि काळ्या ताडपत्रीखाली गुपचूप बसलेला. ही कारखान्याखालची तेलकट माती. ती दुसरीकडे कुठे नेऊन टाकायची नाही, इथल्या इथे स्वच्छ करायची, असा करार होता. म्हणून जमीन तीन मीटर खणली, मातीत भोकं पाडलेल्या पाइपा आडव्या घातल्या, पाइपांना ब्लोअर जोडला आणि पुढचं काम जीवाणूंवर सोपवलं. जीवाणूंनी मातीतलं तेल खायचं. माणसांनी त्यांना हवा द्यायची, ओल द्यायची आणि दर ढिगाला आठवड्यातून एक डबा खुराक द्यायचा. खुराक म्हणजे साखर कारखान्यातली गोड मळी आणि थोडं खत, पाण्यात कालवून. तिन्ही ढीग पास झाले की स्वच्छ माती परत खड्ड्यात आणि वर सात मजली इमारत. महिनाअखेरपर्यंत पास झाले नाहीत तर बिल्डर करारातून मोकळा, जमिनीभोवती कुंपण आणि कुंपणावर पाटी. मग आत कोणी राहायचं नाही. ऑफिसवरच्या दोन खोल्यांत जन्मापासून राहणाऱ्या त्यांच्या बहिणीने, म्हणजे घरच्या आत्यानेसुद्धा.

महिना संपायला पंचवीस दिवस होते.

“वाचा बुवा एकदाचं,” धाकटे म्हणाले. “साहेबांना काय दिवसभर बिस्किटं खायला घालणार आहेस का, दादा?”

इंजिनिअरांनी पाकीट फोडलं. “मर्यादा किलोमागे पाचशे मिलिग्रॅम तेलाची. ढीग एक: तीनशे दहा. पास.”

थोरल्यांनी मान हलवली. ढीग एक त्यांच्या वाट्याच्या जमिनीतला होता. त्यात त्यांचे संस्कार उतरले होते.

“ढीग दोन: तीनशे पन्नास. पास.”

“चाळीस जास्त,” थोरले म्हणाले.

“पास म्हणाले ना ते?” धाकटे म्हणाले. “पासला पासच म्हणतात. तुझ्या मॅट्रिकच्या वेळी कोणी टक्के विचारले होते का?”

“ढीग तीन,” इंजिनिअर म्हणाले आणि थांबले. “गेल्या महिन्यात सातशे चाळीस होता. आता सातशे साठ आहे.”

ढीग तीन सामाईक होता. ऑफिसमागच्या अंगणातून निघालेली माती, तिघांच्या मालकीची, म्हणजे जिच्याबद्दल प्रत्येकाला उरलेल्या दोघांची काळजी वाटत असे.

“वाढला?” वहिनींनी विचारलं. त्या थोरल्यांच्या बायको. चाळीस वर्षं त्या या घरात असून अजूनही सगळ्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं विचारायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं.

“वाढला असं नाही म्हणता येणार. पण उतरत नाहीये. म्हणजे जीवाणू जिवंत आहेत, भरपूर आहेत, मजेत आहेत. फक्त काम करत नाहीयेत.”

सगळ्यांनी धाकट्यांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?”

*

थोरल्यांना त्या क्षणी काय आठवलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही हे ते वडिलांकडून शिकले होते, आणि वडील ते तेलाच्या टाकीकडून.

गेल्या चौदा आठवड्यांपासून ते रोज सकाळी फिरायला निघत, ते थेट ढीग तीनपाशी येत, ताडपत्रीचा कोपरा उचलत आणि पिंपातून भरलेला एक मग खुराक आत ओतत. कारण खुराक देण्याचं अधिकृत काम आत्याकडे होतं. भिंतीवरच्या नोंदवहीत दर सोमवारी तिची सही असे. पण चिमी लहानपणापासून विसराळू. चिमी म्हणजे आत्या. अडुसष्ट वर्षांच्या बाईला चिमी म्हणणारे ते जगात एकटेच उरले होते, आणि ही जबाबदारी ते झटकत नसत.

“ब्लोअर बंद पडला असेल,” ते म्हणाले. “ब्लोअरकडे बघायचं काम बाळ्याचं होतं.”

“ब्लोअर चालू आहे, सर. मी आत्ताच पाहिला.”

“मग जोरात चालत असेल.”

“दादा, तुझं म्हणणं काय आहे?” धाकटे म्हणाले. “मी ब्लोअर बंद केला का जोरात लावला?”

“तू काहीही करू शकतोस. अठरा वर्षांचा असताना तू मोठ्या टाकीचा नळ उघडा ठेवून सिनेमाला गेला होतास.”

“तो नळ मी उघडा ठेवला नव्हता!”

“मग कोणी ठेवला?”

हा प्रश्न घरात सेहेचाळीस वर्षं विचारला जात होता आणि त्याला उत्तर नसणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. इंजिनिअरांनी तिसरं बिस्किट घेतलं.

“भाऊजी तसं करणार नाहीत,” वहिनी अचानक म्हणाल्या.

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांत वहिनींनी धाकट्या दिराची बाजू दोनदा घेतली होती, आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःला काहीतरी लपवायचं होतं. थोरल्यांना हे माहीत नव्हतं. वहिनींना होतं. त्यांनी घाईघाईने सगळ्यांच्या कपात चहा ओतला, भरलेल्या कपांतसुद्धा.

आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून चष्मा पुसत होती. “खुराक बरोबर पडलाय,” ती म्हणाली. “सोमवारी एक डबा. वहीत सही आहे.”

“वहीवर माझा विश्वास आहे, आत्या,” इंजिनिअर म्हणाले. पहिल्या आठवड्यातच तेही तिला आत्या म्हणायला लागले होते. “पण खुराकाची ती दोन पिंपं वर्षभर पुरायला हवी होती. येताना मी एक सहज पायानं ढकललं. ते लोळत फाटकापर्यंत गेलं. रिकामं आहे. दुसरंही.”

दोन्ही भाऊ, वहिनी आणि आत्या यांनी एकाच वेळी चहाचा घोट घेतला.

*

ढीग बघायला इंजिनिअरांबरोबर डॉक्टर गेली. डॉक्टर म्हणजे धाकट्यांची मुलगी. ती जनावरांची डॉक्टर होती. घरात तिला सगळे अभिमानाने डॉक्टर म्हणत आणि स्वतःचं बीपी मात्र दुसऱ्याला दाखवत.

इंजिनिअरांनी ताडपत्रीच्या कडेवरच्या वाळूच्या पिशव्या बाजूला केल्या आणि कोपरा उचलला. आतून ऊबदार, आंबट वास आला.

“हा वास मला ओळखीचा आहे,” डॉक्टर म्हणाली.

“तेलाचा?”

“नाही हो. मागे एका गाईने दाणागोट्याचं अख्खं पोतं फस्त केलं होतं. तिच्या पोटाचा असाच वास होता. तुमच्या ढिगाला अजीर्ण झालंय.”

इंजिनिअरांनी एक लांब सळईसारखं यंत्र मातीत खुपसलं आणि आकडा पाहिला. “आत हवाच नाही. साखर मिळाल्यावर सगळी हवा त्यातच संपली असणार. आयती साखर असेल तर तेल कोण खाईल? पण एवढी साखर आली कुठून? आठवड्याला एक डबा...”

डॉक्टर ढिगाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली होती. ती पाच मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत सामान होतं.

“ढिगाच्या एकेका कोपऱ्याला एकेक, वाळूच्या पिशव्यांमागे ठेवलेलं,” ती म्हणाली. “सगळ्यांना मळी लागलीये.”

एक दाढीचा स्टीलचा मग. एक लाल दांडीचा, स्वयंपाकघरातला मापाचा कप. एक थर्मासचं झाकण. आणि एक पत्र्याची बादली.

इंजिनिअर त्या चार वस्तूंकडे बघत राहिले. “हे चोराचं काम दिसत नाही.”

“चोर नाहीत. हे आमचे लोक आहेत,” डॉक्टर म्हणाली. “साहेब, तुम्हाला मॅनेजर माहीत आहे?”

“कुठला मॅनेजर?”

“कारखान्यातला कुत्रा. माझ्या लहानपणी होता. त्या वर्षी घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, भिंतीवरचं घड्याळ कोणाचं यावरून. त्यामुळे कुत्र्याला जेवायला घातलं का, हे कोणी कोणाला विचारेना. मग प्रत्येकजण आपापलं घालायचा. चार वेळचं जेवण, रोज. शेवटी तो इतका जाडा झाला, की फाटकाजवळ बसला की फाटक उघडायचं नाही. गेला तेव्हा त्याला ऑफिसमागच्या अंगणात पुरला.”

“म्हणजे...”

“म्हणजे तोही ढीग तीनमध्ये आहे. मी त्याच्यामुळेच डॉक्टर झाले. चला.”

इंजिनिअर चालता चालता हळूच म्हणाले, “मॅडम, एक सांगू का? आकडा उतरत नव्हता म्हणून गेल्या दोन भेटींत मीही एकेक डबा जास्त टाकला होता.”

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. “आता तुम्ही घरचेच झालात.”

*

वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या गेल्या. टेबल जुनं, तेलाचे नमुने तपासायचं. त्यावर यापूर्वीही बऱ्याच गोष्टी तपासायच्या राहून गेल्या होत्या.

“हा मग कोणाचा?” डॉक्टरने विचारलं.

थोरले खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तसा माझा पण असा एक मग होता. हरवला होता.”

“काका.”

“एकच मग. रोज सकाळी. चिमी विसरते म्हणून.”

“मी विसरते?” आत्या म्हणाली.

“झाकण माझं आहे,” धाकटे ताठ होऊन म्हणाले. “मी लपवत नाही. संध्याकाळी येताना दोन झाकणं टाकायचो. कारण दादा फक्त आपल्या ढिगाकडे बघणार, सामाईकाकडे बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. वडिलांच्या वेळेपासून ठाऊक आहे.”

“मी रोज बघत होतो!”

“मला काय माहीत? तू सांगितलंस का?”

“तू विचारलंस का?”

डॉक्टरने लाल दांडीचा कप उचलला. वहिनींनी पदर सारखा केला. “दुपारी. एक दिवसाआड,” त्या म्हणाल्या. “हे दोघं भांडत बसणार आणि बिचारे ते जीव उपाशी राहणार. मला काही बघवत नाही बाई. आणि आपल्या घरात आलेलं कोणी उपाशी गेलं असं व्हायला नको.”

“वहिनी, ते तेल खायला आलेत,” इंजिनिअर म्हणाले.

“नुसतं तेल कोण खातं?”

यावर इंजिनिअरांच्या अभ्यासक्रमात काही दिलेलं नव्हतं. डॉक्टरने पाकिटामागे मांडणी केली. “आठवड्याला एक डबा द्यायचा होता. दाढीचा मग, झाकणं आणि कप धरून पडत होते चौदा. साहेबांचे वरचे धरायला नकोत. आता राहिली बादली.”

चौघांनी टेबलाकडे पाहिलं. दाढीचा मग, कप आणि झाकण यांच्या शेजारी ती बादली इतकी मोठी दिसत होती, की तिला सोडून बोलणं आतापर्यंत सोपं गेलं होतं.

“माझी,” आत्या म्हणाली.

“तुझं तर कामच होतं, ताई,” धाकटे म्हणाले. “त्यात बादली कशाला? डबा होता की दिलेला.”

“सोमवारी डबा. बाकीचे सहा दिवस बादली.”

“विसरून?” थोरल्यांनी आशेने विचारलं. “आधी घातलंय हे विसरून परत?”

आत्या उठली. तिने भिंतीवरच्या नोंदवहीमागे खोचलेली एक पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं: “पान अकरा. ‘खुराक प्रमाणापेक्षा जास्त दिल्यास जीवाणू तेल खाणे थांबवतात. ढीग आंबतो. असे होऊ देऊ नये.’” तिने पुस्तिका मिटली. “या घरात ही पुस्तिका एकटीने मी वाचली. तुम्ही तिघांनी चुकून केलंत. मी बघून केलं.”

*

थोरल्यांना पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. गेल्या वर्षापासून उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. त्यांनी डावा कान पुढे केला.

“का?” ते म्हणाले.

“नकाशा बघितला.”

इमारतीचा नकाशा त्यांच्या पाठीमागे भिंतीवरच होता. चार महिने तिथेच होता.

“तळमजला,” आत्या बोट ठेवत म्हणाली. “फाटकाजवळचा गाळा. चारशे वीस फूट, दोन खिडक्या, स्वतंत्र दार. काय लिहिलंय, बाळ्या?”

धाकट्यांनी वाचलं, “‘कै. वडिलांचे स्मृतिदालन’.”

“त्यात काय असणार?”

“वडिलांचा फोटो.”

“आणि?”

“फोटोच. मोठा फोटो.”

“फोटोला दोन खिडक्या. बरं. आता तिसरा मजला, दादाचं घर. स्वयंपाकघरामागे, लिफ्टच्या भिंतीला लागून सात बाय आठची खोली. तिथे काय लिहिलंय?”

कोणी वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. तिथे लिहिलं होतं: ‘भगिनी’.

“अगं चिमे,” थोरले म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. “तू काय परकी आहेस का? आमच्याकडेच राहायचं, म्हणून तर वेगळं काही काढलं नाही. आमच्या घरात तुला काय कमी पडणार आहे?”

“दार,” आत्या म्हणाली.

“काय?”

“दार कमी पडणार आहे. ज्याची बेल वाजवून कोणी विचारेल, आत्या आहेत का घरात? आणि मी सांगेन, नाहीत.”

डॉक्टर खाली बघून हसली आणि लगेच गंभीर झाली.

“पण हे तू बोलायचं होतंस!” धाकटे म्हणाले. “चौदा आठवडे गप्प बसून बादल्या ओतायच्या?”

“बोलले होते. नकाशा आला त्या दिवशी. तुम्ही दोघं वडिलांचा फोटो उभा लावायचा की आडवा यावरून भांडत होतात. मी म्हटलं, मला एक विचारायचंय. दादा म्हणाला, चिमे, चहा टाक.”

थोरल्यांना तो चहा आठवला. चांगला झाला होता.

“पण हे बघ,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “ढीग नापास झाला तर तुझ्याही खोल्या जातील. कुंपण पडेल. तुला काय मिळालं मग?”

“काही नाही. तुलाही नाही, बाळ्यालाही नाही. वडिलांच्या पश्चात पहिल्यांदाच तिघांना सारखा वाटा.”

आत्या पायरीवर परत जाऊन बसली. तिने पुस्तिका मांडीवर ठेवली आणि पान अकराचा दुमडलेला कोपरा सरळ केला. जमीन खणली त्या दिवसापासून तिला रात्री झोप नव्हती. मागे अंगण नाही, खोल्या खड्ड्याच्या काठावर उभ्या आहेत, हे झोपेतही कळायचं. सकाळी बादली भरताना तिला रोज वाटायचं, आज नको. पुरे झालं. मग ती जिन्यावरून उतरताना नकाशापाशी थांबायची, त्यावरचा तो एकच शब्द वाचायची आणि भरलेली बादली घेऊन जायची.

“मला बोलायचंय,” वहिनी म्हणाल्या.

“तू कशाला?” थोरले म्हणाले.

“कारण ती मागची खोली मला हवी आहे. शिवणयंत्रासाठी. चाळीस वर्षं ते यंत्र मी पलंगाखालून ओढून काढते. नवीन घरात खोली मिळेल म्हणून गप्प बसले, तर तिथे यांना बसवलं. मला विचारलं? वन्सं, मला तुमच्याबद्दल काही नाही हं. पण त्या खोलीत तुम्ही नको आहात.”

“मलाही त्या खोलीत मी नको आहे, वहिनी,” आत्या म्हणाली.

चाळीस वर्षांत या दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. डॉक्टरच्या लक्षात आलं की आता काम होणार, आणि तिने पेनाचं टोपण काढलं.

“मग वडिलांचा फोटो कुठे जाणार?” थोरल्यांनी विचारलं. हा त्यांचा शेवटचा बालेकिल्ला होता.

“जिन्यात,” धाकटे म्हणाले.

“वडील जिन्यात?”

“आयुष्यभर जिन्यातच तर उभे असायचे. वरून बघायचे कोण काम करतंय.” मग बहिणीकडे न बघता म्हणाले, “ताईला गाळा देऊन टाक, दादा. मी सही करतो.”

“तू आधी करणार?”

“हो.”

“मोठा मी आहे,” थोरले म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरच्या हातातून पेन ओढून घेतलं.

अशा रीतीने, लॅबच्या अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूवर, तळमजल्याचा फाटकाजवळचा गाळा आत्याच्या नावावर झाला. थोरल्यांनी सही केली, धाकट्यांनी त्यांच्यापेक्षा मोठी सही केली, वहिनींनी साक्षीदार म्हणून केली. इंजिनिअरांनीही करावी असं ठरलं. ते म्हणाले, मी कोण? डॉक्टर म्हणाली, तुम्हीसुद्धा दोन डबे टाकलेत. त्यांनी केली.

आत्याने कागद दोनदा वाचला. मग पुस्तिका उघडली. “पान बारा. ‘आंबलेला ढीग सुधारता येतो. खुराक पूर्ण बंद करावा. माती रोज खालीवर करावी. कोरडा भुसा मिसळावा. हवा वाढवावी.’ साहेब, किती दिवस लागतील?”

“तीन आठवडे, आत्या. कोणी काही घातलं नाही तर. कोणी म्हणजे कोणीच.”

दाढीचा मग, कप, झाकण आणि बादली ऑफिसच्या कपाटात गेली आणि किल्ली आत्याच्या कमरेला. दुसऱ्या दिवसापासून पोकलेन आलं. रोज सकाळी त्याचं लोखंडी बोट ढीग तीन उलथापालथा करू लागलं, आणि थोरले फिरायला आले की लांबूनच बघायचे, रिकाम्या हातांनी, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. एकदा धाकटेही तिथे भेटले.

“बिचारे उपाशी असतील,” धाकटे म्हणाले.

“तेल आहे की खायला,” थोरले म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बाळ्या, तो नळ.”

“काय त्याचं?”

“मी उघडा ठेवला होता. मीही त्याच सिनेमाला गेलो होतो. तुझ्या मागच्या रांगेत.”

धाकट्यांनी पायाजवळ सांडलेली माती बुटाने ढिगाकडे सरकवली. “सिनेमा बरा होता,” ते म्हणाले.

अठ्ठावीस तारखेला अहवाल आला. चारशे पंच्याऐंशी. पास. थोरल्यांनी नोंदवही मागवली आणि महिन्याच्या सुरुवातीच्या, सातशे साठच्या ओळीपुढे स्वच्छ अक्षरात लिहवून घेतलं: ‘अनुभवासाठी’.

त्याच दुपारी इंजिनिअर यंत्रं आवरत होते. उद्यापासून माती परत खड्ड्यात जाणार होती. आत्याने त्यांच्या हातात एक घडी केलेला कागद दिला.

“हा तुमच्या वरच्या ऑफिसात द्या.”

इंजिनिअरांनी उभ्या उभ्या वाचला. “आत्या, असं नाही हो करता येत. सगळी माती मिसळलीये. तीन आठवडे पोकलेनने...”

“मला माहीत आहे. आवक शिक्का मारून पोच द्यायला सांगा.”

त्यांनी कागद वरच्या खिशात ठेवला. त्यावर लिहिलं होतं:

प्रति,
मा. अधिकारी,
माती शुद्धीकरण व पुनर्विकास विभाग.

विषय: ढीग क्र. ३ मधील माती मूळ क्रमाने परत भरून मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, सदर माती अर्जदाराच्या खोल्यांखालील अंगणातील असून अर्जदार तिच्यावर अडुसष्ट वर्षे वावरलेली आहे. शुद्धीकरणाच्या कामी ती खालीवर झाली, याबाबत अर्जदाराची तक्रार नाही; त्यात अर्जदाराचाही हात आहे. तरी एकूण सहाशे चाळीस घनमीटर माती पूर्वी होती त्याच क्रमाने, म्हणजे वरची वर, खालची खाली, जिन्याजवळची जिन्याजवळ, आणि अंगणातील कुत्रा (मॅनेजर) त्याच्या मूळ जागी, तोंड फाटकाकडे करून, परत भरून मिळावी. कोणती माती कुठली हे ओळखण्यासाठी अर्जदार रोज सकाळी आठपासून स्वखुशीने हजर राहील.

ही नम्र विनंती.